आधी डोमेन सांगा

"सगळ्यांनी यायचं बरं का," असं म्हणून लग्नपत्रिका देणाऱ्याला "सगळ्यांनी म्हणजे नेमकं कोणकोण?" असं विचारणारा गृहस्थ तुमच्या पाहण्यात असेल, तर तो गणिताचा मास्तर आहे हे सांगायला ज्योतिषी नको. नागपुरात या जातीचा एक खास वाण होतो. तो बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना कॅल्क्युलस शिकवतो, लक्ष्मीनगर, बजाजनगर, धरमपेठ या पट्ट्यात कुठंतरी मागच्या गल्लीत राहतो, घरावर पाटी लावत नाही आणि पोट्टे त्याला 'एप्सिलॉन सर' म्हणतात. खरं नाव फक्त वीजबिलावर असतं.

असे सर एक नाहीत. पण लिहायच्या सोयीसाठी एकच धरतो. सरांच्याच पद्धतीनं सांगायचं तर अशा सगळ्या सरांचा सेट घ्या, त्यातला कोणताही एक उचला, त्याच्याबद्दल जे सिद्ध होईल ते सगळ्यांना लागू.

ओळखायची खूण सोपी. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, एका खिशात खडू आणि मे महिन्यात दुसऱ्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा. भर चौकात रुमाल काढताना दोन्ही बाहेर येतात. सर कांदा परत ठेवतात आणि खडू हातातच राहतो, कारण तेवढ्यात कोणीतरी विचारलेलं असतं, "काय सर, लय गरम होऊन राहिलं नं?"

"कोणत्या डोमेनवर?" सर म्हणतात. "जानेवारीच्या मानानं म्हणशील तर हो. मेच्या मानानं पंचेचाळीस म्हणजे रोजचंच."

विचारणाऱ्याला नुसतं 'हो' हवं असतं. ते त्याला कधी मिळत नाही.

क्लास घराच्या पुढच्या खोलीत भरतो. खाली सतरंजी, भिंतीला टेकवलेला फळा, खिडकीत कूलर. हा कूलर चालू झाला की शेजारच्या छतावरचं कबूतर उडून जातं, एवढा त्याचा आवाज. त्याच्यावर मात करून शिकवायचं म्हणून सरांचा आवाज चढला तो चढलाच. परिणामी शेजारच्या काकूंना निम्मं कॅल्क्युलस पाठ आहे. मेथी निवडता निवडता त्या एकदा आपल्या सुनेला म्हणाल्या, "अगं, कन्टिन्युअस असलं म्हणजे डिफरन्शिएबल असतंच असं नाही." सुनेला तो टोमणा वाटला. दोन दिवस बोलणं बंद होतं.

पहिल्या दिवशी सर एकच प्रश्न विचारतात. "फंक्शन म्हणजे काय बे?"

"वाय इज इक्वल टू एफ ऑफ एक्स, सर."

"हे तं नाव झालं. तुझं नाव सांगून तू काय काम करतो ते कळते का?"

मग दुसरा सांगतो, फंक्शन म्हणजे फॉर्म्युला. यावर सर डोळे मिटतात. १८३७ साली डिरिश्ले नावाच्या गणितज्ञानं जगाला सांगितलं की सूत्र असो नसो, प्रत्येक एक्सला ठरलेला एकच वाय मिळाला की झालं फंक्शन. ती बातमी नागपूरच्या अकरावी-बारावीपर्यंत अजून पोचायची आहे, असं सरांचं मत. ते डोळे उघडून दाराकडं बोट दाखवतात. दाराशी चपलांचा ढीग असतो.

"प्रत्येक पोट्ट्याला त्याचा जोड. झालं फंक्शन. दोन पोट्ट्यांचा एकच जोड नाही, म्हणजे वन-वन. ढिगात बेवारशी जोड एकही नाही, म्हणजे ऑन्टू. आता उलटं या. जोड उचल आणि मालक सांग. हा इन्व्हर्स. समजलं?"

समजतं. उदाहरण चांगलंच आहे. पण त्याच संध्याकाळी क्लास सुटल्यावर एका पोराचे नवे सँडल गेले आणि जागेवर अंगठा तुटलेली स्लीपर राहिली. पोरगा रडकुंडीला आला. सरांनी ढिगाची पाहणी केली, एकेकाला पायताणासकट मोजलं आणि गंभीरपणे निकाल दिला, "फंक्शन बरोबर होतं. कोणीतरी इन्व्हर्स चुकीचा घेतला." पोराला घरी सोडायला मात्र सर स्वतः ॲक्टिव्हा काढून गेले. ही दुसरी बाजू त्यांच्या शिष्यांच्या लक्षात उशिरा येते.

इन्व्हर्स हा सरांचा दुखरा भाग. एफच्या डोक्यावर उणे एक दिसला की पोट्टे बिनदिक्कत 'एक भागिले एफ' लिहून मोकळे होतात. साइन इन्व्हर्स म्हणजे एक भागिले साइन, असं लिहिलेली वही पाहिली की सर खडू खाली ठेवतात. तो खाली ठेवलेला खडू पाहून जुने विद्यार्थी सावरून बसतात. सर ओरडत नाहीत, फक्त विचारतात, "साइन इन्व्हर्स दोन किती?" पोरगा कॅल्क्युलेटर काढतो. कॅल्क्युलेटर 'एरर' म्हणतो. "पाह्य. तुझ्यापेक्षा त्याला जास्त समजते. त्याला डोमेन माहीत आहे."

एक्स वर्गाचं तेच.

"एक्स स्क्वेअरचा इन्व्हर्स?"

"रूट एक्स, सर."

"आणि निगेटिव्ह आकडे? ते काय नागनदीच्या पलीकडं सोडून आला का?"

वर्गात फक्त कूलर बोलतो. उणे तीन आणि अधिक तीन दोघंही नऊवर जातात, मग नऊवरून परत येताना कोणाच्या घरी जायचं? म्हणून आधी डोमेन कापा, शून्य आणि त्याच्या उजवीकडचे आकडे ठेवा, मगच वर्गमूळ काढा. हे सर इतक्या आस्थेनं सांगतात की उणे आकड्यांबद्दल वाईट वाटायला लागतं.

पण सरांना 'एप्सिलॉन' ही पदवी मिळाली ती सिक्वेन्सच्या लिमिटमुळे. हा खेळ दोघांचा, असं सर सांगतात. समोरच्यानं कितीही बारीक एप्सिलॉन द्यावा, आपण त्याला असा एन द्यायचा की त्यापुढचं प्रत्येक पद लिमिटपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असलं पाहिजे. एक भागिले एन ही सिक्वेन्स घ्या. समोरचा म्हणाला एक शतांश, तर आपण म्हणायचं शंभर. एकशेएकाव्या पदापासून सगळी पदं शून्याच्या तेवढ्या जवळ. तो म्हणाला एक सहस्रांश, आपण म्हणायचं हजार. मागणी आधी, पुरवठा नंतर. पोट्टे नेमकं उलटं करतात. आधी एन देऊन बसतात आणि मग समोरच्यानं एप्सिलॉन लहान केला की घामाघूम होतात.

या बाबतीत सरांना खरा माणूस एकच भेटला, तोही विद्यापीठात नाही, कस्तुरचंद पार्काजवळ. सकाळी पोह्यांच्या गाड्यावर सर म्हणाले, "भाऊ, तर्री थोडी कमी."

पोहेवाल्यानं पळी हवेत थांबवली. "थोडी म्हंजे किती, ते तुमी सांगा. मंग मी पाह्यतो किती टाकाची ते."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तर्रीनं नव्हतं, तर्री अजून पडायची होती. आधी सहनशक्तीचा आकडा मागायचा, मग त्यानुसार आपली पळी ठरवायची, हा क्रम ज्यांना बी.एस्सी. होऊनही कळला नाही अशी शेकडो पोरं सरांनी पाहिली होती. तेव्हापासून ते कोणत्याही सभेत, कोणत्याही विषयावर बोलताना त्या पोहेवाल्याला विभागप्रमुख करायची सूचना मांडतात. ती कार्यवृत्तात येत नाही.

कूलरवाल्यानं मात्र सरांना उलटा अनुभव दिला. एप्रिल उजाडला, पंप बसला, ताट्या बदलायच्या होत्या. सकाळी फोन केला, "पाच मिनिटांत येऊन राहिलो, सर." अकराला केला, पाच मिनिटं. एकला, पाच मिनिटं. चारला फोनवर मागून भांड्यांचा आवाज येत होता, तरी पाच मिनिटं. संध्याकाळी सरांनी फळ्यावर लिहिलं, पाच, पाच, पाच, पाच, आणि वर्गाला विचारलं, ही सिक्वेन्स कन्व्हर्ज होते का?

एक पोरगी म्हणाली, "नाही सर. माणूस आलाच नाही नं."

"भैताडासारखं बोलू नको. कॉन्स्टंट सिक्वेन्स आहे, होतेच. लिमिट पाच. आपल्याला शून्य पाह्यजे होतं, तो आपला प्रॉब्लेम."

आधी लिमिट आहे का ते पाहा आणि मगच किती ते काढा, हा सरांचा दुसरा हट्ट, आणि इथं मी सरांच्या बाजूचा आहे. पोट्ट्यांना युक्ती माहीत असते. पुढचं पद मागच्या पदावरून मिळत असेल तर दोन्ही जागी एल लिहा, समीकरण सोडवा, उत्तर तयार. सर त्यांना एक सिक्वेन्स देतात. पहिलं पद एक, पुढचं पद मागच्याची दुप्पट अधिक एक. पोरं टणाटण सोडवतात. एल म्हणजे दोन एल अधिक एक, म्हणून एल बरोबर उणे एक. खाली दोन रेघा.

"आता पदं लिही."

एक, तीन, सात, पंधरा, एकतीस.

"गाडी गडचिरोली पार करून चालली आणि तू तिची उणे एकवर वाट पाहून राहिला?"

हे सोडवायचं यंत्र सगळ्यांकडं असतं. यंत्र चालवण्याआधी आत काही आहे का ते बघण्याची सवय नसते. ती लावायला सर एक अख्खा महिना घालवतात आणि अभ्यासक्रम त्यांच्यामुळं मागं पडतो, ही पालकांची तक्रारही खरीच आहे.

सरांना इतिहासाचा नाद आहे, पण तो इतिहास सगळा सीताबर्डीवरून जातो. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज लढले. त्याच १८१७ साली तिकडं प्रागमध्ये बोल्झानो नावाच्या पाद्र्यानं छापून सिद्ध केलं की अखंड फंक्शन एका टोकाला उणे आणि दुसऱ्या टोकाला अधिक असेल, तर मध्ये कुठंतरी शून्य सापडलंच पाहिजे. "आणि ते शून्य," सर आवाज खाली आणतात, म्हणजे कूलरच्या पातळीवर, "इंग्रजांच्या सर्वेवाल्यांनी कुठं रोवलं? झिरो माइलला. सीताबर्डीच्या बाजूला." दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे सरांना माहीत आहे. पुरावा मागितला तर ते खूश होतात.

दोन वर्षांनी, १८१९ मध्ये, बोल्झानोची प्राध्यापकी गेली. सर म्हणतात, लोकांना नेमकेपणा सोसत नाही. (त्याला काढलं ते युद्धाविरुद्धच्या आणि समाजाबद्दलच्या त्याच्या मतांमुळं, अखंडतेमुळं नव्हे. पण हे सरांना सांगायचं धाडस कोणी करावं?)

एप्सिलॉनची आज वापरतात ती शिस्त ज्यानं पक्की केली तो वायरस्ट्रास कितीतरी वर्षं शाळामास्तर होता. गणिताबरोबर कवायत आणि सुलेखनही शिकवायचा. यातलं सुलेखन सरांनी मनावर घेतलं आहे. पोट्ट्यांचा एप्सिलॉन म्हणजे उताणा पडलेला तीन, कधी शेपूट तुटलेला ई. सर तो दहा वेळा गिरवून घेतात. इंजिनिअरिंगची घोडी झालेली पोरं बालवाडीसारखी जीभ बाहेर काढून एप्सिलॉन गिरवताहेत, हे दृश्य ज्या आजोबांनी पाहिलं त्यांनी नातवाची चौकशी केली, "पोरगं कितव्या वर्गात आहे म्हणालात?" कवायतीचं सर अजून मनावर घेत नाहीत, हे त्यांच्या गुडघ्यांचं भाग्य.

मराठी माणसांत सरांचं दैवत देवळालीचे द. रा. कापरेकर. तेही शाळामास्तर. सारखेच चारही अंक नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा आणि हेच करत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येता आणि तिथून हलत नाही. मार्टिन गार्डनरनं १९७५ साली लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला हे नीट कळलं. सरांना मात्र हे रोज शंकरनगर चौकात कळतं. सिग्नलला पुढच्या गाडीची नंबरप्लेट दिसली की सर पुटपुटू लागतात. एमएच ३१ सोडून द्यायचं, पुढचे चार अंक घ्यायचे. ३५२४ असेल तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. "आलं! तिसऱ्या पायरीत आलं!" सर ओरडतात. तोवर हिरवा लागून गेलेला असतो, मागं हॉर्न चालू असतात आणि एक ऑटोवाला विचारत असतो, "काका, काय हरपलं का?"

आणि आता लॉपिताल. पोट्ट्यांना कोचिंगवाल्यांनी हे ब्रह्मास्त्र आधीच दिलेलं असतं. शून्यावर शून्य दिसलं की वर-खाली डेरिव्हेटिव्ह घ्या, उत्तर टिक करा. साइन एक्स भागिले एक्स? लॉपिताल. सर विचारतात, साइनची डेरिव्हेटिव्ह कशावरून काढली? ती काढायला हीच लिमिट लागते. म्हणजे ज्याच्याकडं उधार मागायला निघाला त्याच्याच खिशातून भाड्याचे पैसे घेतले. एकदा एकानं सिक्वेन्सवर लॉपिताल चालवला, एनचं डेरिव्हेटिव्ह एक लिहिलं. सरांनी खडू खाली ठेवला. "एन काय वर्धा रोड आहे का, सलग?"

पण त्या लॉपितालची गोष्ट सर रंगवून सांगतात. तो श्रीमंत सरदार. त्यानं योहान बर्नुलीला वर्षाला तीनशे लीव्र ट्यूशन फी लावली, अट अशी की शोध मला द्यायचे, इतरांना नाही. १६९६ साली पुस्तक निघालं आणि मास्तरचा नियम शिष्याच्या नावावर गेला. "जगातली सगळ्यात महाग पडलेली ट्यूशन," सर म्हणतात. "पण फी वेळेवर दिली बरं, पोट्ट्यानं."

हे वाक्य ऐकलं की आतून काकूंचं, शेजारच्या नव्हे, सरांच्या मिसेसचं, भांडं जरा जोरात आपटतं.

त्याला कारण आहे. कोनाड्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, झाकणाला खाच पाडलेली. फी त्यात टाकायची. घडी करून, कोणी न बघता. पावती नाही, वही नाही. महिन्याच्या दहा तारखेला काकू डबा उघडतात.

"अहो, बारा पोरं आहेत आणि आठांचेच पैसे निघाले. कोणी नाही दिले?"

"फंक्शन वन-वन नाही. इन्व्हर्स एक्झिस्ट करत नाही."

"मुद्दामच ठेवला नाही तुम्ही."

सर फळा पुसायला लागतात. फळा कोराच असतो.

काकूंना मात्र इन्व्हर्स काढता येतो. ज्यानं पैसे टाकलेले नसतात तो चहा नको म्हणतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी हेरलं. बहुतेक तो गोंदियाहून, अहेरीहून, खोलीचं भाडं भरून राहिलेला असतो. काकू कपबशी आधी त्याच्यासमोर ठेवतात आणि बाजूला दोन पुडाच्या वड्या. हा निष्कर्ष त्या सरांना सांगत नाहीत. सिद्धता मागतील.

परीक्षेत या सगळ्याला मार्क किती, असं विचाराल तर फार नाहीत. व्याख्या लिहा, एखादी लिमिट एप्सिलॉननं सिद्ध करा, संपलं. पोट्टे तेवढं सोडून देऊन पास होतात. चौकाचौकांतल्या होर्डिंगवर ज्यांचे चेहरे झळकतात ती मुलं उत्तर चार पर्यायांतून उचलतात, आणि ते त्यांना उत्तम येतं. सरांचा फोटो कोणत्याही होर्डिंगवर नाही. त्यांचे विद्यार्थी टॉपर होतात असंही नाही. बरेचसे साठ-पासष्टावर अडतात, कारण पेपरात अर्धा वेळ ते डोमेन लिहीत बसतात. पण पुढं एम.एस्सी.ला गेलेलं किंवा कुठल्या कंपनीत प्रोग्राम लिहिणारं पोरगं दिवाळीत घरी आलं की मिठाईवाल्याकडून संत्रा बर्फीचा डबा घेऊन याच गल्लीत येतं. सर डबा उघडण्याआधी विचारतात, "सगळ्यांसाठी आणली का फक्त माझ्यासाठी? सेट सांग."

माणूस म्हणून सर वैताग आहेत. लग्नाला बोलवावेत असे नाहीत, सोसायटीच्या मीटिंगला तर मुळीच नाहीत. शिकवायला मात्र माझ्या पाहण्यात या शहरात त्यांच्यासारखं कोणी नाही, आणि गल्लीत एक गेला तर त्याच्या जागी दुसरा आता येत नाही. त्या खोलीत झेरॉक्सचं दुकान निघतं. तेव्हा तुमचं पोट्टं पहिल्या वर्षाला लिमिटपाशी अडलं असेल तर लवकर पाठवा. पाटी शोधू नका. कूलरपेक्षा मोठा आवाज ज्या घरातून येतो ते घर. वही दोनशे पानी, खडूची धूळ सोसत असेल तरच पुढं बसायचं, चप्पल जुनी घालून जायचं. वेळ संध्याकाळी सहाची. सहा म्हणजे सहा.